इथंच बसा, मी आले

अमरावती,
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

सौ. शालूताई यांना मनकर्णेचा नमस्कार.

तीन वर्षांनी लिहिते आहे, तेव्हा आधी घरची हालहवाल. आम्ही दोघं ठीक आहोत. थंडी सरली, दुपारी पंखा लागतो. प्रणाली बंगलोरलाच आहे. तिची खुशी आता पहिलीत आहे आणि मराठी वाचायला कुरकुरते. महादेवरावांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्याचं मोर्शीच्या लग्नात कानावर आलं. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम ते आपणहून करणार नाहीत, तुम्ही करवून घ्या.

फोन केला नाही, कारण तुम्ही उचलला नसता. उचलला असता तर रडला असता, मग मला राग आला असता आणि दोन मिनिटांत सगळं संपलं असतं. पत्रात मधे कोणी बोलत नाही.

हे 'तुम्ही' मला जमायचं नाही. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तू नववीत होतीस आणि नकाशात सातपुडा गोदावरीच्या खाली काढत होतीस. तो मी वर आणला. तेव्हा 'तू'च लिहिते. राग आला तर आला.

लिहायचं कारण असं की एक घटना घडली आहे. ती दुसऱ्या कोणाकडून तिखटमीठ लावून तुझ्या कानावर यायच्या आधी मीच सांगावी म्हणून हे पत्र. घाबरण्यासारखं काही नाही.

रविवारी, दोन तारखेला, आम्ही किल्ले पाहायला गेलो होतो. इथली काही मंडळी एका दिवसाची सहल काढतात. सकाळी बाळापूर, दुपारी नरनाळा, रात्री परत अमरावती. सोबत माहिती सांगणारा गाइड, चहा, जेवण, सगळं त्यांचं. प्रणालीने तिकडूनच आमची नावं घातली. "आई, बाबांना जरा बाहेर ने आणि तूही नीघ," असं तिचं रोजचं चाललं होतं. मी म्हटलं, बरं. नरनाळ्यावर तुझ्या दादाचा किती जीव, ते तुला सांगायला नको. लग्नानंतर त्यांनी मला पहिल्यांदा फिरायला नेलं ते तिथेच, राजदूतवर बसवून. बाकीच्यांचे नवरे त्यांना पिक्चरला नेत. हे पाटबंधारे खात्यातले, यांनी मला किल्ल्यावरची टाकी दाखवली. एक तळं भरलं की पाणी दुसऱ्यात कसं उतरतं ते दाखवलं. "राजाची अक्कल महालात नाई दिसत मनू, नालीत दिसते," असं म्हणाले होते. मी तेव्हा बी. ए. इतिहास, दुसरा वर्ग. राग आला होता मला, की एवढ्या लांब नाल्या दाखवायला आणलं.

तर, बसमध्ये आम्ही चोवीस जण. गाइड नितेश म्हणून, अकोटकडचा, तिशीतला, तोंडाचा फार गोड. गळ्यात माइक. बस सुटल्या सुटल्या म्हणाला, "मंडळी, आज आपन राजे लोकाईच्या घरी पाहुने चाललो. राजे घरी नाईत, पन वस्तूले हात लावू नका." सगळे हसले. तुझे दादा सगळ्यात मोठ्याने.

अकोल्याला चहाला थांबलो. तुझ्या घरापासून दोन चौकांवर. यांनी खिडकीतून पाहिलं आणि म्हणाले, "शालूचं घर अठीच ना? चाल ना, पाच मिनटं." मी म्हटलं, ती गावाला गेली आहे. त्यांनी मान हलवली.

बाळापूरला विटांचा किल्ला पाहिला, नदीवरची छत्री पाहिली. तिथे दोन बायका फोटो काढत मागे राहिल्या आणि नितेशच्या ते लक्षातच नव्हतं. मग मोजणी मी हातात घेतली. चौतीस वर्षं शाळेच्या सहली नेल्या, साठ-साठ मुली, एक कधी हरवू दिली नाही. नितेश म्हणाला, "मॅडम, तुमी हाय तं मले टेन्शनच नाई." प्रत्येक वेळी बसमध्ये चढून मी मोजायचे आणि त्याला आकडा सांगायचे.

चूक झाली ती तिथेच. सासूबाईंचं, म्हणजे तुझ्या मायचं, ते बोलणं तुला आठवत असेलच. भाकरी थापताना कोणी विचारलं, "माय, किती मानसं हायेत जेवाले?" की काठवटीवरून वरही न पाहता म्हणायच्या, "घरचे मानसं मोजाले मेंढरं हायेत का?" घरची माणसं मोजली की एक कमी होतं, असं त्यांचं. मी असल्या गोष्टी मानत नाही. पण सवय लागून गेली. प्रणाली लहान असताना सहलीला सोबत असायची, तेव्हाही मी साठ मुली मोजायचे आणि म्हणायचे, 'आणि आपली एक.' त्या दिवशीही तसंच. मला धरून तेवीस मोजले, आणि आपले एक. चोवीस. आपले एक म्हणजे हे, ते सोबत असणारच.

नरनाळ्यावरून उतरताना ते सोबत नव्हते. मागे राहिले होते. मला वाटलं, शेवटच्या सीटवर कॉलेजच्या पोरांजवळ बसले असतील, सकाळपासून त्यांना पाण्याच्या गोष्टी सांगत होते. खाली शहानूरला जंगलखात्याच्या नाक्यावर वही असते, वर जाताना किती आणि उतरताना किती. तिथे एक कमी भरला. लगेच जीप नेऊन घेऊन आलो. तासाभराचा प्रश्न. ते तळ्याकाठी आरामात बसले होते. त्यांना काही झालं नाही. नितेश जरा निष्काळजी निघाला, दुसरं काय.

एवढंच. तू काळजी करू नकोस. महादेवरावांना नमस्कार.

तुझी वहिनी,
मनकर्णा

बुधवार, १२ फेब्रुवारी. दुपार.

शालू, वरचं पत्र पाकिटात घातलं होतं. पत्ताही लिहिला. मग पाकीट फाडलं. त्यात सही सोडून फारसं काही खरं नाही.

ते आता झोपले आहेत. दोन ते साडेतीन झोपतात. तेवढ्यात जमेल तेवढं लिहिते. बैठकीच्या दाराला आतून कडी आहे. बाहेरून कुलूपही. हे कुलूप दिवाळीपासून लावते. मी आत असताना दाराला लागून असलेल्या मोरीच्या खिडकीतून हात काढून बाहेरच्या कडीला लावते, शेजारच्यांना दिसू नये म्हणून त्यावर पायपुसणं वाळत घालते. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

तर आधी तुझं. तू तीन वर्षांपूर्वी भाऊबिजेला आली होतीस. ओवाळलंस, त्यांनी तुला साडी दिली, आपण जेवायला बसलो. दहा मिनिटांनी ते उठून पुन्हा पाटावर जाऊन बसले. डोक्यावर टोपी घातली आणि म्हणाले, "शालू, आज ओवाळत नाई का व माय?" सगळे हसले. तू हसली नाहीस. तू निरांजन पुन्हा लावलंस, पुन्हा ओवाळलंस, आणि स्वयंपाकघरात येऊन मला म्हणालीस, "वहिनी, दादाले डॉक्टरकडं न्या. हे मजाक नाई."

मी काय बोलले ते तुला पाठ असेल. मलाही आहे. माझ्या घरात येऊन माझ्या नवऱ्याला वेडं ठरवू नका, असं म्हणाले. संध्याकाळच्या गाडीने तू गेलीस. मी तुला फाटकापर्यंतही सोडायला आले नाही.

मला तेव्हाच माहीत होतं, शालू. तुझ्या आधी सहा महिने माहीत होतं. तू ते मोठ्याने बोललीस, एवढाच तुझा गुन्हा.

डॉक्टरकडे नेलं ते त्यानंतर दोन वर्षांनी. गोळ्या चालू आहेत. प्रणालीला 'वयोमानानुसार थोडं विसरतात' इतकंच सांगितलं आहे. तिच्या फोनच्या आधी मी त्यांना तारीख-वार पाठ करून घेते, परीक्षेला मुलींकडून सनावळ्या घ्यायचे तसं. फोनवर ते पटापट सांगतात. ती म्हणते, "बाबा तर एकदम फ्रेश!"

आता किल्ल्याचं.

दुपारपर्यंत ते इतके छान होते की मला वाटायला लागलं, गेलं दुखणं. महाकाली दरवाजाजवळ नितेशने कोरीव काम दाखवलं, दरवाज्यांचा काहीतरी आकडा सांगितला, तो मला पटला नाही, पण गप्प बसले. वर गेल्यावर टाक्यांची गोष्ट निघाली तेव्हा यांनी त्याचा माइक मागून घेतला. आणि सांगितलं सगळं. उतार कुठून कुठे, गाळ कुठे बसतो, डोंगरावर एवढ्या उंचावर उन्हाळ्याचं पाणी कसं पुरवत. पंधरा मिनिटं. एक शब्द अडला नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या. चांदूर बाजारच्या एक बाई होत्या, त्या मला म्हणाल्या, "सर किती हुशार हाय वो तुमचे! नशीबवान हाय तुमी." मी हो म्हटलं. त्या क्षणी मला ते खरं वाटलं.

मग सगळे नऊगजी तोफेकडे निघाले. हे थकले होते. मी म्हटलं, आपण थांबू. तळ्याकाठी एक झाड आहे, खाली पायऱ्या. तिथे बसलो दोघं. वारा चांगला होता. गवत वाळून पिवळं पडलेलं, माकडं पलीकडच्या भिंतीवर.

थोड्या वेळाने ते माझ्याकडे वळले आणि अगदी अदबीने विचारलं, "बाई, तुमी कोन्या गावच्या?"

हे घरी दोन-तीनदा झालं होतं, पण झोपेतून उठल्यावर. असं भर उन्हात, एवढं शहाण्यासारखं बोलून झाल्यावर नाही. मी म्हटलं, "अमरावतीची."

"आमीही अमरावतीचेच. माह्यी बायको मास्तरीन हाय. मास्तरीन म्हंजे, रिटायर झाली, पन गेली नाई मास्तरकी." हसले. "घरातही हजेरी घेते माह्यी. मंगळवार का बुधवार, सांग. नाई आलं तं झालं मंग."

मीही हसले. खोटं नाही सांगत, हसू आलं मला. किती दिवसांनी ते माझ्याशी असं बोलत होते. मी विचारलं, "घाबरता का तुम्ही तिला?"

त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, माझ्या जरा जवळ सरकले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, तुमी चांगल्या घरच्या दिसता म्हनून सांगतो. कोनाले बोलू नका. ते मले मारते आजकाल."

शालू, हे वाक्य लिहायला मला काल जमलं नाही. सकाळपासून जमत नव्हतं. आता लिहिलं.

खरं आहे ते. दोनदा. एकदा दिवाळीत, त्यांनी गॅसचं बटण उघडं टाकलं होतं आणि मी विचारल्यावर म्हणाले, तूच टाकलं. मी थोबाडीत मारली. तुझ्या दादाच्या. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात माझ्यावर कधी आवाज चढवला नाही, त्याच्या. दुसऱ्यांदा संक्रांतीच्या आदल्या दिवशी. तेव्हा रात्रभराचं जागरण झालं होतं आणि ते एकच प्रश्न विचारत होते, माय कुठी गेली, माय कुठी गेली. मी हातातली तिळाची वाटी फेकली आणि मग हातही उचलला. ते कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. कोपऱ्यात, शाळेत शिक्षा केल्यावर मुलं उभी राहतात तसे, भिंतीकडे तोंड करून. मी त्यांना तसं सांगितलं नव्हतं.

मला वाटायचं, ते विसरले असतील. बाकी सगळं विसरतात.

तळ्याकाठी मी पदर सावरला. तेच पुढे म्हणाले, "पन थकली हाय ते. एकटीच हाय ना. मी काही कामाचा नाई आता. तिची बदनामी नका करू, बरं का बाई."

तेवढ्यात तोफेकडून लोक परत येताना दिसले. नितेशचा माइकमधला आवाज, पोरांचं हसणं, आणि सगळ्यात पुढे त्या चांदूर बाजारच्या बाई. यांनी त्यांना पाहून हात वर केला. चेहऱ्यावर तेच अदबीचं हसू. आता हे त्यांनाही सांगतील. सगळ्या बसला सांगतील. ती मास्तरीण, मोजणी करणारी, शिस्तीची, तिची गोष्ट.

मी उठले. त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "इथंच बसा. हलायचं नाही. मी आले."

आणि त्या बाईंना अर्ध्या वाटेत गाठलं, त्यांच्या दंडाला धरून बोलत बोलत दुसऱ्या वाटेने बसकडे नेलं. काय बोलले ते आठवत नाही. संत्र्यांचं काहीतरी, यंदाच्या बहाराचं. मनात असं होतं की सगळे एकदा बसमध्ये चढले की मी जाऊन यांना घेऊन येईन, सर्वांत शेवटी, म्हणजे बोलायला कोणी सापडणार नाही. शपथेवर सांगते, तोपर्यंत एवढंच होतं मनात.

बसमध्ये चढले. मोजले. तेवीस. नितेश दारात उभा होता. त्याने विचारलं, "सर मांगं बसले का मॅडम?"

मी म्हटलं, "हो. चोवीस."

सासूबाईंची सवय वगैरे काही नाही. ते मी खाली नाक्यावर, सगळे माझ्याकडे पाहत असताना रचलं. मागे वळून पाहिलं नाही, कारण मागे ते नाहीत हे मला माहीत होतं. माझ्या शेजारी खिडकीची सीट रिकामी होती. त्यावर त्यांची शाल होती. बस सुरू झाली. मी म्हणणार होते, थांबा. पहिल्या वळणावर म्हणणार होते. दुसऱ्या वळणावर म्हणणार होते. मी खिडकीशी सरकले. कोणी काही विचारत नव्हतं. वार कोणता, माय कुठे, घरी केव्हा जायचं, काहीच नाही. वारा येत होता. आणि मला झोप लागली, शालू. किल्ल्यावर, जंगलात, त्यांना बसवून आले आणि मला गाढ झोप लागली. सहा महिन्यांत अशी लागली नव्हती.

जाग आली ती नाक्यावर. मोतीराम म्हणून वयस्क माणूस आहे तिथे, हातात वही घेऊन बसमध्ये चढला. बोट ठेवून एकेक मोजलं. पुन्हा मोजलं. म्हणाला, "वहीत चोवीस हाये. मोटारीत तेवीस. एक मानूस वर हाये."

नितेश माझ्याकडे पाहायला लागला. "मॅडम, तुमी तं..." एवढंच म्हणाला. मी माझी ती गोष्ट सांगितली, आपले एक, सवय. बायकांनी मलाच पाणी दिलं. पुरुष नितेशवर तुटून पडले, तू गाइड कशाचा, तुला मोजता येत नाही का. तो ऐकून घेत होता. मी त्याला वाचवलं नाही.

जीपमध्ये मोतीराम, नितेश आणि मी. सूर्य डोंगराला टेकला होता. त्या घाटात सावली पडली की एकदम पडते. मोतीराम काठीने जीपचा पत्रा वाजवत होता. मी विचारलं, कशासाठी. म्हणाला, "अस्वल. याच टायमाले पान्यावर येते." मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "तुमी घाबरू नका माय. बसल्या मानसाले नाई करत काही. हालला, पळला, तं करते." आणि मला आठवलं मी काय सांगून आले होते ते. हलायचं नाही. एवढी एकच गोष्ट मी त्यांच्या भल्याची केली होती, आणि तीही न कळता.

नितेश रडत होता. तोंड फिरवून. म्हणाला, "मॅडम, पह्यलीच ट्रिप होती माह्यी, एकट्याच्या भरोशावर."

वर अजून उजेड होता, पण रंग गेला होता सगळ्याचा. गवत, भिंती, पाणी सगळं एकसारखं. महाल म्हणून दुपारी जे पाहिलं ते आता नुसतं काळं होतं, खिडक्यांच्या जागी भोकं. मोतीरामने हाळी दिली. उत्तर नाही. मी हाक मारायला तोंड उघडलं. आणि काय हाक मारू? पंचेचाळीस वर्षांत नावाने कधी हाक मारली नाही. 'अहो' म्हटलं. इतक्या मोठ्या किल्ल्यात 'अहो'.

ते त्याच पायरीवर होते. पाय जुळवून, हात गुडघ्यांवर. एका बाजूने अंगावर मुंग्या चढल्या होत्या, मानेपर्यंत. त्यांनी झटकल्या नव्हत्या. पँट ओली होती. उठून आडोशालाही गेले नव्हते.

मला पाहिलं आणि ओळखलं. त्या वेळी ओळखलं.

"आली का मनू," म्हणाले. "मी हाललो नाई, पाह्य."

परत येताना जीपमध्ये माझा हात त्यांनी सोडला नाही. बसमध्ये सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, यांना वाटलं आपल्या भाषणासाठी, यांनी हात जोडले. त्या चांदूर बाजारच्या बाईंनी माझे डोळे पुसले. म्हणाल्या, "सवाशीन हाय तुमी, म्हनून वाचले." मी तेही ऐकून घेतलं.

साडेतीन होत आले. लवकर लिहिते.

मी अस्वलाला घाबरले नव्हते, शालू. अंधारालाही नाही. आजपर्यंत मी कशाला घाबरले ते मला आठवत नाही, तुला तरी आठवतं का? आता मला भीती वाटते. सकाळी दूध घ्यायला फाटकापर्यंत जाताना तोंडातून जातं, "इथंच बसा, मी आले," आणि माझाच आवाज ऐकून मी मागे वळून पाहते. ते बसतात. मी येईपर्यंत खरंच हलत नाहीत. परवा मी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले, त्यांना जिन्याच्या वरच्या पायरीवर बसवून, आणि मागून पाहत उभी राहिले. त्यांची पाठ दिसत होती. खाली अठरा पायऱ्या. मी किती वेळ उभी होते मला माहीत नाही. दुधवाल्याने घंटी वाजवली म्हणून खाली आले. काही केलं नाही मी. पण उभी होते.

सासूबाई म्हणायच्या, घरची माणसं मोजू नयेत. मी मोजते आता. स्वयंपाकघरातून बाहेर येऊन मोजते, मोरीतून येऊन मोजते. एक, दोन. प्रत्येक वेळी दोन भरेपर्यंत जीव थाऱ्यावर नसतो. कधीतरी मी मोजीन आणि एक भरेल, आणि ते अस्वलाने केलेलं नसेल.

प्रणालीला हे सांगता येत नाही. तिची मी आई आहे. तुझी मी कोणी नाही, आणि ते तुझे दादा आहेत, म्हणून तुलाच सांगते. हे वाचून तू मला काय म्हणशील ते मी ऐकेन. पूर्ण ऐकेन. मधे बोलणार नाही.

पण ये. महादेवरावांना घेऊन ये, नाहीतर त्यांना तुझ्या सुनेच्या हाती सोपवून एकटी ये. चार दिवस ये, नाहीतर तुझ्या दादाला तुझ्याकडे ने. मला विचारू नकोस, तू ठरव. ते भाऊबिजेची टोपी अजून कपाटातून काढून बसतात, कोणताही महिना असो, आणि दाराकडे पाहतात. तुझं नाव त्यांना एकदाही चुकलेलं नाही.

नितेशचा नंबर मिळवला आहे. त्याला आज फोन करून खरं सांगणार आहे, त्याच्या मालकालाही. ते जमलं तर हे पत्र टाकीन. म्हणजे हे तुझ्या हातात पडलं असेल, तर ते मी केलं असं समज.

ते उठले. 'मनू' म्हणून हाक मारत आहेत. आज मनूच आहे.

चावी मी शेजारच्या मंजुषाकडे देऊन ठेवते, म्हणजे तू केव्हाही आलीस तरी दार उघडेल. मी कुठे जात नाही. तू येईपर्यंत याच जागेवर बसून आहे, शालू. हलणार नाही.

तुझी
मनू वहिनी